सिंदखेडचे जाधव आणि बदलते धनी

डिसेंबर १७५७मध्ये पेशव्यांची फौज सिंदखेडवर चालून आली. गावात कोंडले गेले होते रामचंद्र जाधवराव, हैदराबादच्या निजामाच्या पदरचे मातब्बर सरदार. घेरणाऱ्यांत दत्ताजी आणि जनकोजी शिंदे होते. मोहिमेचे प्रमुखपद नावापुरते विश्वासरावाकडे होते आणि त्याचे वय तेव्हा जेमतेम पंधरा. ज्या गावात जिजाऊ जन्मल्या, त्या गावाला छत्रपतींच्या नावाने लढणाऱ्या फौजेने कोंडीत पकडावे आणि आतून तोंड देणारा जाधवच असावा! शालेय इतिहासात ही लढाई दोन ओळींत आटोपते. सिंदखेडराजाच्या वाड्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला तर ती कुणी सांगतच नाही.

त्याला कारण आहे. या गावाची आठवण एका दिवसाभोवती गोळा झाली आहे: १२ जानेवारी १५९८. त्या दिवशी लखुजी जाधवरावांच्या वाड्यात मुलगी जन्मली आणि गाव अजरामर झाले. पण मुलीच्या पुण्याईने बाप झाकोळला, आणि बापाबरोबर त्याचे घराणे, त्याची वतनदारी, त्याने बांधलेले तलाव, बारवा, कोट, सारेच. लखुजींना एक तर ‘जिजाऊंचे वडील’ म्हणून ओवाळायचे, नाही तर ‘मोगलांना मिळालेला सरदार’ म्हणून हळूच बाजूला सारायचे, एवढेच आपण करत आलो. दोन्हींत माणूस निसटतो. सिंदखेडची गोष्ट नीट कळायची तर जन्मदालनातून बाहेर येऊन आधी नकाशा पाहावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली उत्तरेला पायनघाट, पूर्णेच्या खोऱ्याचा काळ्या मातीचा सपाट मुलूख. आणि घाट चढून वर आले की बालाघाट. सिंदखेड घाटावरचे. उत्तरेला घाट उतरला की बाळापूर आणि त्यापुढे बऱ्हाणपूर. पश्चिमेला जालना आणि त्यापुढे दौलताबाद. १५९६मध्ये चांदबिबीला अहमदनगर वाचवण्यासाठी वऱ्हाड अकबराच्या हवाली करावे लागले आणि पुढे बऱ्हाणपूर ही मोगलांच्या दख्खन स्वाऱ्यांची छावणी झाली. १६००मध्ये अहमदनगरचा किल्लाही पडला. तरी निजामशाही मेली नाही. मलिक अंबरने तिला पुन्हा उभे केले, १६१०च्या सुमारास दौलताबादजवळ खडकी वसवली (तेच पुढचे औरंगाबाद), आणि मोगलांना जेरीस आणायला सुरुवात केली. बऱ्हाणपूर आणि दौलताबाद यांच्यामधला सारा मुलूख आता दोन सत्तांचा शिवार झाला. आज एकाचे ठाणे, उद्या दुसऱ्याचे. सिंदखेड नेमके त्यात.

अशा मुलखात राहणाऱ्या देशमुखाचे गणित वेगळे असते. परगण्याचा वसूल गोळा करायचा, त्यातला आपला हक्क ठेवून उरलेला सरकारात भरायचा, पदरी घोडेस्वार बाळगायचे, रयतेचे तंटे सोडवायचे, ओसाड पडलेली गावे पुन्हा वसवायची. सुलतान कुणीही असो, त्याला हे काम करणारा माणूस लागतोच. म्हणून धनी बदलला तरी वतन टिकते. वतन गेले तर मात्र काहीच उरत नाही. ‘निष्ठा’ हा शब्द आपण आज राष्ट्राच्या संदर्भात वापरतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या वतनदाराच्या कानाला तो तसा ऐकू येत नसे. त्याची पहिली निष्ठा वतनाशी, दुसरी भाऊबंदांशी, आणि मग ज्याच्या हातचा विडा उचलला असेल त्याच्याशी.

जाधव आपले मूळ देवगिरीच्या यादवांत सांगतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लखुजींच्या हाती सिंदखेडची देशमुखी होती आणि निजामशाहीत त्यांचे वजन वाढत होते. पैसा कुठे गेला ते गावात आजही दिसते. मुंबई-नागपूर रस्त्याला लागून वाड्याचे उंच दगडी महाद्वार उभे आहे. आतल्या इमारतीचे वरचे मजले काळाने खाल्ले, जोती आणि तळघरे राहिली. हा डोंगरी किल्ला नव्हे, भुईकोट धाटणीचा राहता वाडा. संरक्षणासाठीचे मोठे काम काळ्या कोटाचे. त्याच्या अवाढव्य जाडीच्या काळ्या दगडी भिंती पाहिल्या की बांधणाऱ्याच्या मनात परगण्याच्या कचेरीपेक्षा मोठे काही होते हे कळते. ते काम पुरे झाले नाही. साकरवाड्याच्या तटभिंतीही अशाच भक्कम.

मला मात्र कोटापेक्षा पाण्याची कामे अधिक बोलकी वाटतात. मोती तलावाची दगडी भिंत एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी रचली आहे. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत आहे. पुतळा बारवेच्या भिंती मूर्तींनी भरल्या आहेत. सजना बारव आहे ती वेगळीच. घाटावर पाऊस बेभरवशाचा, जमीन उथळ. इथे वसूल हवा असेल तर आधी पाणी अडवावे लागते, हे जाणणाऱ्या देशमुखाचा हा कारभार. गावातली नीलकंठेश्वर आणि रामेश्वर ही जुनी देवळे जाधवांच्याही आधीच्या वस्तीची साक्ष देतात.

लखुजींच्या मुलीचे लग्न वेरूळच्या भोसल्यांच्या घरात कसे झाले, याची रंगपंचमीची कथा महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. मालोजीराजे लहानग्या शहाजींना घेऊन लखुजींकडे आले, मुलांनी एकमेकांवर रंग उडवला, लखुजी कौतुकाने म्हणाले की जोडा शोभतो, आणि मालोजींनी भर बैठकीत तो शब्द धरून ठेवला. कथा बखरींनी पुढे रंगवली आहे आणि ती गोड आहे. तिच्यातला खरा धागा मानपानाचा आहे. जाधव जुने आणि थोर, भोसले नुकतेच वर येऊ लागलेले. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात लग्न झाले तेव्हा दोन्ही घराणी निजामशाहीच्या चाकरीत होती, पण बरोबरीची नव्हती. ही गाठ सैल होणार हे तिथेच ठरले होते.

ती सैल झाली एका हत्तीपायी. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास परमानंदाने लिहिलेल्या शिवभारतात ही हकिकत येते. निजामशहाचा दरबार उठला, सरदार बाहेर पडत होते. गर्दीत खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. लखुजींचा मुलगा दत्ताजी हत्ती आवरायला त्याच्यावर तुटून पडला. हत्तीच्या बचावाला मालोजींचे भाऊ विठोजी भोसले यांचे मुलगे धावले, आणि हत्ती राहिला बाजूला, जाधव आणि भोसले एकमेकांवर तलवारी चालवू लागले. त्या मुलग्यांपैकी संभाजीच्या हातून दत्ताजी पडला. पुढे गेलेले लखुजी बातमी ऐकून माघारी फिरले. मध्ये आडवे आलेल्या जावयावर त्यांनी वार केला, शहाजी जखमी होऊन बेशुद्ध पडले, आणि मग लखुजींनी संभाजीला ठार केले. एका दुपारी एका घरचा मुलगा गेला, दुसऱ्या घरचा पुतण्या गेला. शहाजी जगले. जिजाऊंचे माहेर आणि सासर यांच्यामध्ये आता रक्त सांडले होते.

लखुजींच्या राजकारणाला याआधीच फाटे फुटले होते. मलिक अंबर जितका समर्थ होत गेला, तितका तो मोठ्या मराठा सरदारांना जाचक वाटू लागला. राज्य एका हाती येणे वतनदाराला कधीच मानवत नाही. मोगलांचा सेनापती शाहनवाजखान बाळापुरास तळ देऊन होता. अंबरचे काही सरदार त्याच्याकडे गेले, त्यांत जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात ‘जादूराय’ म्हणून येणारे आपले लखुजी होते. घाट उतरला की बाळापूर; अंतर थोडे, पण या प्रवासाने दख्खनचे राजकारण हलले. १६१६च्या प्रारंभी जालन्याकडच्या रोषणगावाजवळ अंबरचा दणदणीत पराभव झाला आणि मोगलांनी खडकी लुटून जाळली. पुढे तर जाधव कुटुंबाच्या साऱ्या मनसबींची बेरीज चोवीस हजार जात आणि पंधरा हजार स्वार इतकी झाली. हा आकडा मोगल साधनांतलाच आहे. दख्खनच्या एका हिंदू घराण्यासाठी बादशहा एवढी किंमत मोजतो, यात सिंदखेडच्या जागेची किंमतही धरलेली होती.

१६२४च्या भातवडीच्या लढाईत सासरे आणि जावई समोरासमोर आले. लखुजी मोगल आणि आदिलशाहीच्या जोड फौजेत, शहाजी मलिक अंबरच्या बाजूला. अंबर जिंकला, शहाजींचा भाऊ शरीफजी पडला, आणि शहाजींचे नाव दख्खनभर झाले. दोनच वर्षांनी अंबर वारला. त्याच्यामागे निजामशाहीचा गाडा सावरणारे कुणी उरले नाही; दरबारात हमीदखानासारख्यांचे चालू लागले आणि प्रत्येक मोठ्या सरदाराकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. लखुजी याच काळात पुन्हा निजामशाहीत परतले होते. अंबर नाही म्हणजे अडचण संपली, असा त्यांचा हिशेब असावा. तो चुकला.

जुलै १६२९. लखुजी आपले मुलगे अचलोजी आणि रघुजी व नातू यशवंतराव यांच्यासह दौलताबादच्या दरबारात मुजऱ्याला गेले. सगळे ठरलेले होते. मारेकरी आधीच दबा धरून बसले होते, आणि मुजऱ्याला आलेल्या चौघांवर ते तुटून पडले. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी आणि कवी परमानंद हे एकमेकांच्या विरुद्ध बाजूचे लेखक, पण हा प्रसंग दोघेही विश्वासघात म्हणूनच मांडतात. लखुजींचे भाऊ जगदेवराव, मुलगा बहादूरजी आणि कबिल्यातली मंडळी दौलताबादहून निसटून सिंदखेडला पोहोचली आणि सरळ मोगलांकडे गेली. शाहजहानने त्यांना सामावून घेतले. जिजाऊ तेव्हा शिवनेरीच्या आसपास होत्या आणि गरोदर होत्या. वडील, दोन भाऊ आणि भाचा एका दिवशी गेल्यानंतर सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३०ला, त्यांनी शिवाजीला जन्म दिला.

हा काळच तसा होता. त्याच वर्षांत मध्य युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले होते, आणि सायलेशियासारख्या सरहद्दीच्या मुलखातली जमीनदार घराणी एकदा सम्राटाला, एकदा त्याच्या शत्रूला सलाम करत आपापले गढीवाडे सांभाळत होती. सायलेशियातल्या सागान या जहागिरीचा धनी आणि सम्राटाचा सर्वांत बलाढ्य सेनापती वालेनस्टाईन फितुरीच्या संशयावरून १६३४मध्ये बोहेमियात सम्राटाच्याच इशाऱ्याने मारला गेला. स्वतःची फौज बाळगणारा आणि दोन्ही बाजूंशी बोलणारा चाकर धन्याला एका मर्यादेपलीकडे परवडत नाही, हे दौलताबादेतही तसेच आणि बोहेमियातही तसेच.

पण निजामशहाला या खुनाने काय मिळाले? जाधव गेले, पाठोपाठ शहाजीही त्याला सोडून गेले. १६३०पासून दोन-तीन वर्षे दख्खनवर भीषण दुष्काळ पडला, मोगल फौजा आत घुसल्या, आणि १६३३मध्ये दौलताबाद पडले. शहाजींनी एका बालराजाला गादीवर बसवून आणखी तीन वर्षे झुंज दिली. १६३६मध्ये निजामशाही बुडाली. लखुजींचा खून हे तिच्या अंताचे एकमेव कारण नव्हे, पण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे याचे इतके स्वच्छ उदाहरण इतिहासात फारसे सापडत नाही.

सिंदखेडात या खुनाची मोठी खूण आहे ती लखुजींची समाधी. वाडा पाहून माणसे परततात आणि इथे फार थोडी येतात. चौरस, भव्य, कमानी आणि घुमटांची ही वास्तू दुरून एखाद्या सुलतानी कबरीसारखी दिसते. आत शिवलिंग आहे. दख्खनच्या सुलतानशाहीत वाढलेल्या हिंदू सरदाराची अभिरुची दगडविटांत पाहायची असेल तर याहून चांगली जागा नाही. मराठा सरदाराची एवढी मोठी समाधी त्या काळात दुसरीकडे क्वचितच उभी राहिली.

यापुढे जाधवांच्या दोन वाटा झाल्या. मारल्या गेलेल्या अचलोजींच्या मुलाला जिजाऊंनी आपल्याजवळ वाढवले असे परंपरा सांगते. त्याच शाखेत पुढे धनाजी जाधव निघाले, ज्यांनी राजारामांच्या आणि ताराबाईंच्या काळात औरंगजेबाची झोप उडवली. सिंदखेडचे जाधव मात्र मोगल मनसबदार म्हणूनच राहिले. दोन्ही वाटा कधी कधी विचित्र रीतीने एकत्र येत. औरंगजेबाच्या कैदेत वाढलेल्या शाहूंचे लग्न बादशाही छावणीतच झाले, आणि वधूंपैकी एक होती सिंदखेडच्या रुस्तुमराव जाधवांची मुलगी. पणजीच्या माहेराशी पणतूची पुन्हा सोयरीक झाली, ती जमवली औरंगजेबाने.

औरंगजेबानंतर धनी पुन्हा बदलला. ११ ऑक्टोबर १७२४ला, आजच्या सिंदखेडराजा तालुक्यातल्याच साखरखेर्ड्याला, निजामुल्मुल्काने दिल्लीने त्याच्याविरुद्ध उभ्या केलेल्या मुबारिजखानाला लढाईत ठार केले. या विजयातून हैदराबादचे निजाम घराणे प्रत्यक्षात स्वतंत्र झाले. पुढची सव्वादोनशे वर्षे दक्षिणेवर ज्या राज्याची छाया राहिली, त्याचा पाया या तालुक्यातल्या एका शिवारात घातला गेला. आज तिथे थांबून हे सांगणारी ठळक पाटी असायला हवी. सिंदखेड आता निजामाच्या मुलखात आले. दरम्यान धनाजींचा मुलगा चंद्रसेन, बाळाजी विश्वनाथाशी बिनसल्यावर, शाहूंना सोडून निजामाकडे गेला होता. म्हणजे स्वराज्याच्या बाजूची शाखाही फिरून त्याच दारात आली.

रामचंद्र जाधवराव हे या चंद्रसेनाचे पुत्र. १७५७मध्ये निजामाच्या घरात भाऊबंदकी माजली होती, फ्रेंच सेनानी बुसी पूर्व किनाऱ्याकडे गुंतला होता, आणि नानासाहेब पेशव्यांनी ही वेळ साधली. निजामाचा भाऊ निजामअली वऱ्हाडातून इब्राहिमखान गारद्याच्या तोफा घेऊन आला. हाच गारदी पुढे पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून मेला. धनी बदलणे ही काही जाधवांची मक्तेदारी नव्हती. निजामाच्या मदतीला निघालेल्या रामचंद्रांना दत्ताजी शिंद्यांनी सिंदखेडात गाठले. निजामअली त्यांना सोडवायला धावला. डिसेंबरच्या मध्याला चार-पाच दिवस निकराची लढाई झाली, निजामअली रेटत सिंदखेडापर्यंत पोहोचला, पण आता कोंडीत तोही सापडला. महिनाअखेर साखरखेर्ड्याला तह झाला: पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला पेशव्यांना. ही मराठ्यांच्या ऐन भराची गोष्ट. पुढच्या तीनेक वर्षांत यातले दत्ताजी आणि विश्वासराव दोघेही उत्तरेत कामी आले.

आणि रामचंद्र जाधव? १७६१च्या अखेरीस पुण्यावर चाल करताना निजामअलीच्या फौजेने गोदाकाठी टोक्याच्या देवळांची नासधूस केली, तेव्हा ते त्याला सोडून मराठ्यांकडे आले. पणजोबा-खापरपणजोबांच्या रीतीप्रमाणेच. फरक एवढाच की या वेळी कारण वतनाचे नव्हते.

यानंतरच्या सिंदखेडबद्दल लिहावे असे आनंदाचे फार थोडे आहे. शिंदे, होळकर, निजाम, पेंढारी यांच्या धावपळीत आणि १८०३च्या दुष्काळात हा भाग भाजून निघाला. असईची लढाई जिंकलेला आर्थर वेलस्ली १८०४च्या आरंभी इथून गेला, तेव्हा त्याने सिंदखेडला चोरांचे ठाणे म्हटले आणि माणसे शेकड्यांनी उपासमारीने मरत असल्याचे लिहून ठेवले. मोती तलाव बांधणाऱ्या देशमुखाच्या गावाची ही अवस्था. जाधवांचे मुख्य ठिकाण एव्हाना देऊळगावराजाकडे सरकले होते. १८५१मध्ये गाझीखान नावाच्या जमादाराच्या हाताखालच्या अरबांनी तिथे हैदराबादच्या कंटिंजंट फौजेशी लढाई केली. ठपका घराण्याचे प्रमुख बाजीराव जाधव यांच्यावर आला. पिढीजात मालमत्ता जप्त झाली, आणि १८५६मध्ये ते कैदेतच वारले. दरम्यान १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले होते. जहांगीर, शाहजहान, औरंगजेब, चार-पाच निजाम आणि पेशवे यांना पुरून उरलेले वतन शेवटी भाडोत्री अरबांच्या एका दंग्यात गेले.

सिंदखेड पुन्हा महाराष्ट्राच्या नजरेत भरले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९०मध्ये पुरुषोत्तम खेडेकरांनी मराठा सेवा संघ स्थापन केला, गावाजवळ जिजाऊसृष्टी आकाराला आली, आणि १२ जानेवारीचा जन्मोत्सव राज्यभरातून गर्दी खेचू लागला. पहाटे वाड्यात लखुजींचे वंशज पूजा करतात. सिंदखेड, देऊळगाव, किनगाव, मेहुणा, आडगाव या गावांच्या नावापुढे लागलेला ‘राजा’ त्यांच्याच शाखांचा. समृद्धी महामार्गाने नागपूर आणि शिर्डी जवळ आणल्यापासून येणाऱ्यांची सोय आणखी वाढली आहे.

वाड्यातून निघाल्यावर गाडीत बसण्याआधी समाधीपर्यंत जरूर जावे. २०२४मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाने समाधीच्या दुरुस्तीचे काम करताना समोरची माती काढली, तेव्हा एका देवळाचा सभामंडप लागला, शिवलिंग लागले. जूनमध्ये सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती हाती आली: एक मीटर सत्तर सेंटिमीटर लांब, मऊ क्लोराइट शिस्ट दगडातली, पायाशी लक्ष्मी, मागच्या शिळेवर समुद्रमंथन. असा दगड आणि अशी घडण दक्षिणेकडे होयसळांच्या मुलखात आढळते. जाधव इथे येण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी पूर्वज मानलेल्या यादवांच्या वेळेस वा त्याच्या आसपास, या गावात अशी मूर्ती मागवण्याइतका पैसा आणि माणसे होती. ती मागवणारा कोण, त्याचा धनी कोण, याची उत्तरे अजून त्याच मातीत आहेत, आणि ती काढायची तर खोदकाम समाधीच्या अंगणापुरते थांबवून चालणार नाही. काळ्या कोटाच्या आतही फावडे पडायला हवे.